दिघ्यांची गाडी कर्नाळ्याला तापते

कुमार दिघे यांच्या निळ्या गाडीने अठरा वर्षांत कुणाचा अपमान केला नव्हता. त्यामुळे तो करायचं तिच्या मनात आलं तेव्हा तिने हातचं काही राखून ठेवलं नाही. मे महिन्यातली दुपार, कर्नाळ्याची खिंड, आणि मागे पेणहून लग्न उरकून परतणारी त्यांच्या बायकोच्या, नीताच्या, माहेरची अख्खी बस, असा मुहूर्त साधून ती उकळली.

आधी तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. कुमाररावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, कारण त्यांनी पाहिलं असतं तर शेजारी बसलेल्या नीतानेही पाहिलं असतं. मग बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली आणि ती मात्र बसच्या शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना दिसली. बसच्या ड्रायव्हरने मुद्दाम वेग कमी केला. खिडक्याखिडक्यांतून सल्ले आले. एका आत्याबाईंनी, ज्यांना गाडीत बसलं की उलटी होते, त्यांनीसुद्धा पाणी घालायला सांगितलं. नीताच्या धाकट्या मामांनी फोटो काढला. दोरीला बांधलेली गाडी नव्या पनवेलला पोहोचायच्या आत तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पोहोचला होता आणि त्याखाली सव्वीस हसरे चेहरे जमले होते.

आता कुमाररावांबद्दल एवढं सांगायला हवं, की हा माणूस तीस वर्षं तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात दर्जा-तपासणीला होता. त्यांनी नापास केलेला डबा कारखान्याच्या फाटकाबाहेर गेला नाही. खुद्द मालकाच्या मेहुण्याने सांगितलं तरी गेला नाही. असा माणूस दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन घरी बसला आणि त्याला हळूहळू कळू लागलं, की घरात निर्णय होतात आणि आपल्याला ते कळवले जातात. नवा फ्रिज आल्याचं त्यांना फ्रिजवाल्याने बेल वाजवली तेव्हा कळलं. दिवाणखान्यातला सोफा पूर्वेचा पश्चिमेला गेला, तो ते दूध आणायला गेले असताना. कुणी त्यांचं वाईट चिंतत नव्हतं, पण विचारतही नव्हतं. हे त्यांना लागायचं, आणि लागलेलं दाखवायची सवय नसल्याने जास्त लागायचं.

गाडी उकळली त्याच संध्याकाळी मुलगा शार्दूल, जो ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी करतो आणि आठवड्यातले तीन दिवस ती जेवणाच्या टेबलावरून करतो, लॅपटॉप मिटून म्हणाला, “बाबा, गाडी स्क्रॅपला देऊन टाकतोय. पुढच्या सोमवारी सकाळी अकराचा स्लॉट मिळालाय.”

एखाद्या पेशंटला ऑपरेशनची तारीख मिळाली म्हणून सांगावं तसं सांगितलं त्याने. कुमाररावांनी हातातली पोळी खाली ठेवली. गाडीचे कागद तीन वर्षांपूर्वीच त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून नव्याने करून घेतले होते. ती सरकारला चालते आणि तुम्हाला चालत नाही का, असं त्यांनी विचारलं. शार्दूल म्हणाला, सरकार गाडीत बसत नाही, बाबा. नीता हसली. ती हसली नसती तर पुढचं सगळं कदाचित टळलं असतं.

“येत्या रविवारी,” कुमारराव म्हणाले, “ही गाडी कर्नाळ्याची खिंड न थांबता चढेल. नाही चढली तर मी स्वतः हार घालून तिला निरोप देईन.”

साक्षीदार म्हणून नीताने सोबत जायचं ठरलं. नीता दिघे शाळेत गणित शिकवायची. चुकीच्या उत्तराला पायऱ्यांचे गुण देणं तिला उभ्या जन्मात जमलं नव्हतं, त्यामुळे ती नवऱ्याच्या बाजूने खोटं बोलेल अशी भीती शार्दूलला नव्हती. कुमाररावांना आशाही नव्हती.

सोमवारी सकाळी त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. उघडं बॉनेट आणि उघडं दार यांत फरक एवढाच, की दाराशी येणारा निदान चपला काढतो. पाच मिनिटांत तळमजल्यावरचे हितेशभाई हजर झाले. त्यांचं पनवेलच्या बाजारात नळांचं दुकान आहे आणि जगातल्या प्रत्येक संकटाचं मूळ खराब वॉशरमध्ये असतं, असं त्यांचं मत आहे. त्यांनी रेडिएटरच्या झाकणाचं रबर नखाने दाबून पाहिलं आणि हेच गेलंय असं जाहीर केलं. झाकण घट्ट बसलं नाही की आतला दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं, हे त्यांनी कुकरचं उदाहरण देऊन समजावलं. ते इतकं पटण्यासारखं होतं की कुमाररावांनी दुपारी नवं झाकण आणून बसवलं. संध्याकाळी गाडी पळस्पे फाट्यापर्यंत गेली आणि नव्या झाकणासकट तापली.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा धनेश आला. धनेश मूळचा ओवे गावचा. त्याच्या आजोबांची भातखाचरं होती तिथे आता दुसऱ्यांचे बंगले आहेत, आणि उलव्याकडे जे काही बांधलं जातंय त्यासाठी धनेशचे सहा डंपर माती वाहतात. त्याने इंजिनाकडे फार पाहिलंही नाही. “काका, तो पानी अडवनारा थर्मोस्टॅट काढून टाका. आमच्या एका पन गाडीला आमी तो ठेवत नाय,” असं सांगून त्याने काशीराम मिस्त्रीचा नंबर दिला.

या सगळ्यांना कुमारराव एकच ताकीद देत होते. रेडिएटरच्या पुढच्या जाळीला हात लावायचा नाही. त्याला कारण होतं. गेल्या दिवाळीत उंदरांनी गाडीच्या वायरी कुरतडल्या होत्या. लोकांनी तंबाखू ठेवून पाहिली, डांबरगोळ्या ठेवून पाहिल्या. उंदीर तंबाखूला सरावले, एवढाच निष्कर्ष निघाला. मग कुमाररावांनी स्वतःच्या डोक्याने उपाय काढला. बाल्कनीच्या खिडक्यांना बसवलेली मच्छरांची जाळी उरली होती, ती दुहेरी घडी घालून रेडिएटरच्या पुढून आणि खालून अशी आवळून बांधली की उंदीर काय, मुंगीलाही अर्ज करून आत जावं लागावं. उंदीर थांबले. निवृत्तीनंतरचं हे त्यांचं एकमेव निर्विवाद यश होतं. त्यांनी त्यावर एक पानी टिपण लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं आणि त्याला अकरा अंगठे मिळाले होते. तेव्हा कुणी त्या बाजूला हात नेला की ते मधे पडत. “ते सोडून बाकी सगळं बघा,” असं म्हणत.

काशीरामकडे जायच्या आधी त्यांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला एक संधी दिली. रीतसर जाणाऱ्या माणसाला रीतसर त्रास व्हायला हवा, हा निसर्गनियम आहे. काचेच्या दालनात टाय बांधलेल्या सल्लागाराने गाडीचा नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला, पुन्हा घातला, आणि ही गाडी सिस्टीममध्ये नाही असं सांगितलं. कुमारराव म्हणाले, ती बाहेर उभी आहे, इथून दिसतेय. सल्लागाराने काचेतून पाहिलं, मान डोलावली आणि नम्रपणे सांगितलं की सर, बाहेर आहे, पण सिस्टीममध्ये नाही.

शेवटी तोडगा म्हणून तिला दहा वर्षांनी लहान असलेल्या दुसऱ्याच मॉडेलच्या नावावर आत घेण्यात आलं. त्यामुळे तपासणीही त्या मॉडेलची झाली. तीन तासांनी अहवाल आला. त्यात मागचा कॅमेरा निकामी असल्याचं लिहिलं होतं. या गाडीला मागचा कॅमेरा कधी नव्हताच. इंजिनाबद्दल असं मत होतं, की हेड गॅस्केट गेलं असावं, इंजिन उघडावं लागेल, वरच्या ऑफिसची मंजुरी लागेल, पंधरा दिवस तर धराच. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीहून मोठा होता. तीस वर्षं अहवाल लिहिलेल्या माणसाने तो अहवाल दोनदा वाचला, ‘असावं’ या शब्दाखाली लाल पेनाने रेघ ओढली आणि सही न करता परत दिला. “असावं म्हणून मी आयुष्यात एक डबा नापास केला नाही,” ते म्हणाले. सल्लागार म्हणाला, सर, फीडबॅकला दहापैकी दहा द्याल ना.

काशीराम मिस्त्रीचं गॅरेज पळस्प्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. चार पत्रे, एक खड्डा आणि काशीराम. त्याने गाडी चालू करून कान दिला, पाणी कुठे गळतंय का ते पाहिलं, पंखा फिरतो का ते पाहिलं. सगळं ठीक होतं. मग तो वाकून समोर गेला आणि बराच वेळ तिथेच थांबला.

“सायेब, ही फुडं काय बांधलीय?”

“ती उंदरांसाठी आहे. ती सोडून बघा.”

काशीराम सरळ झाला. त्याने कुमाररावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे जे दिसलं त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही असं त्याने ठरवलं असावं. “बरं,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकाचा देवारा आनि गिऱ्हाइकाची जाली, आमी हात लावत नाय.”

मग त्याने धनेशच्या सांगण्याप्रमाणे थर्मोस्टॅट काढला आणि पितळी बटणासारखी ती वस्तू कुमाररावांच्या हातात दिली. रेडिएटर पाइपने धुतला, त्यातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. पाण्याचा पंपही उघडून पाहिला. तो चांगला निघाला, म्हणून पुन्हा बसवला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा कारभार तीन दिवस चालला. शनिवारी खांदा कॉलनीपर्यंत चार फेऱ्या मारून कुमाररावांनी वहीत नोंदी केल्या. सपाटीवर काटा मधे राहत होता. चढाचं मात्र काशीरामने छातीवर हात ठेवून काही सांगितलं नाही. काटा वर जायला लागला तर आतला हीटर पूर्ण लावा, इंजिनाची गरमी आत येते आणि इंजिन सुटतं, एवढं सांगून त्याने निरोप दिला.

तर रविवारी सकाळी दहा वाजता, पनवेलमध्ये लोक कूलरसमोर पाय पसरून बसलेले असताना, श्री. व सौ. दिघे हीटर लावून कर्नाळ्याला निघाले. शिरढोण येईपर्यंत कुमाररावांचा शर्ट अंगाला चिकटला होता. नीताने ओला नॅपकिन डोक्यावर ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी तो वाळत होता. तिने एक शब्द काढला नाही. तिच्या या न बोलण्याला कुमारराव पस्तीस वर्षं ओळखून होते. ते बोलण्यापेक्षा जास्त लांबतं.

खिंड सुरू झाली. काटा हलला. कुमाररावांनी हीटरचा पंखा चारवर नेला. आता गाडीच्या आत जे वारं वाहत होतं त्यात पापड भाजता आले असते. अर्ध्या चढावर काटा लाल पट्टीला टेकला, आणि मागच्या रविवारी पेणच्या बाजूने जेवढं चढून वाफ निघाली होती, त्याच्या शंभर पावलं अलीकडेच ती निघाली. आठ दिवसांच्या मेहनतीने गाडी शंभर पावलं मागे आली होती.

गाडी कडेला घेऊन ते दोघं कठड्यावर बसले. दोन वानरं येऊन समोर बसली.   गाडी जाणार याचं कुमाररावांना दुःख होतंच. त्याहून मोठं हे, की आता यापुढे घरात ते काही म्हणाले की शार्दूल ‘हो बाबा’ म्हणेल आणि तिकडे स्वतःला हवं ते करेल. कर्नाळ्याच्या गोष्टीनंतर त्यांच्या शब्दाला तेवढीच किंमत उरेल.

नीताला मात्र बसवेना. ती उठून गाडीच्या समोर गेली, पदराने नाक झाकून वाकली आणि तिने शाळेतल्या आवाजात हाक मारली.

“अहो, ही आपल्या बाल्कनीची जाळी ना?”

“उरलेली,” कुमारराव म्हणाले.

“हिच्यातून हवा कशी जाते?”

कुमाररावांनी बसल्या जागेवरून जाळीकडे पाहिलं. मग म्हणाले, “जायची. दिवाळीत जायची.”

नीताने पर्समधून नेलकटर काढलं आणि जाळी बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या एकेक करून तोडल्या. जाळी सुटली ती एकटी सुटली नाही. तिच्यावर उलव्याची धूळ, सावरीचा उडता कापूस, झेंडूच्या पाकळ्या आणि एक सबंध पिवळं फुलपाखरू यांची बोटभर जाड गोधडी तयार झाली होती. ती तिने दोन बोटांत धरून नवऱ्यासमोर उभी केली. वानरांनी जागा बदलली.

“आठ दिवस गावभर विचारत फिरताय, ही का गुदमरते म्हणून,” ती म्हणाली, “आणि नाक तुम्हीच दाबून धरलंय.”

 उंदीर एकही आत गेला नव्हता, हे कुमाररावांनी दाखवून दिलं. ते खरंच होतं. हवाही गेली नव्हती, हे नीताने जोडलं, आणि तेही खरं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या डब्यांतला दोष शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातची गोष्ट तपासायचं सुचलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. पण ते कठड्यावरून उठले, आणि उठले ते पूर्वीच्या, कारखान्यातल्या चालीने.

इंजिन निवू दिलं, ओला नॅपकिन धरून झाकण उघडलं, तीन बाटल्या पाणी भरलं. नीताला वाटलं आता घरी जायचं. कुमाररावांनी गाडी वळवून खिंडीच्या पायथ्याला नेली. दोष सापडला की चाचणी पहिल्यापासून घ्यावी लागते, असं त्यांनी सांगितलं, आणि हीटर बंद केला. गाडी चढायला लागली. काटा मध्याच्या खाली होता तो तिथेच राहिला. माथ्यावर पोहोचल्यावर नीता म्हणाली, झालं ना? कुमारराव म्हणाले, एका नमुन्यावर निष्कर्ष काढत नाहीत. असे ते तीनदा चढले आणि तीनदा उतरले. तिसऱ्या खेपेला चहाच्या टपरीवाल्याने ओळखीने हात केला. नीताने काट्याकडे बघायचं सोडून नवऱ्याकडे बघायला सुरुवात केली होती. दोन वर्षांत हा माणूस इतका ताठ बसलेला तिने पाहिला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी आधी सोसायटीच्या ग्रुपवर ‘सुधारित सूचना’ टाकली: उंदीर-प्रतिबंधक जाळी ताबडतोब काढावी, चूक माझी आहे, कुमार दिघे. मग शार्दूलला सगळं सांगितलं. शार्दूल ऐकून म्हणाला, म्हणजे पहिल्यांदा थांबलीच ना, बाबा? आणि आज जाळी, उद्या दुसरं काही. स्लॉट कन्फर्म आहे, आता कॅन्सल होत नाही. त्याचा आवाज प्रेमळ होता, आणि त्या प्रेमळपणाने कुमाररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फक्त नोंदींची वही मिटली.

सोमवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना स्क्रॅप कंपनीचा टोइंग ट्रक सोसायटीच्या फाटकातून आत आला. आपण सहज आलो आहोत असं दाखवत हितेशभाई आणि धनेश पार्किंगमध्ये उभे होते. कंपनीच्या माणसाने गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले, मोबाइलवर फॉर्म भरला आणि म्हणाला की गाडी कुमार दिघे यांच्या नावावर आहे, त्यांच्या नंबरवर ओटीपी गेलाय, तो सांगा म्हणजे उचलतो.

कुमाररावांच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी तो काढला, चष्मा पुसला आणि सहा आकडे वाचले. पुन्हा एकदा, सावकाश वाचले.

“सांगा ना, बाबा,” शार्दूल म्हणाला.

“नाही.”

“बाबा, तो एक्स्पायर होईल.”

“होऊ दे.”

शार्दूलने हे काय चाललंय अशा अर्थाने आईकडे पाहिलं. हितेशभाईंनी पाहिलं, धनेशने पाहिलं, कंपनीच्या माणसानेही पाहिलं, कारण अशा वेळी घरात कुणाकडे बघायचं असतं हे त्याला धंद्यामुळे माहीत होतं. नीता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. आदल्या दिवसाचा निकाल ती आता सांगेल, पहिल्यांदा थांबली, मग तीनदा चढली, असं जसंच्या तसं सांगेल, अशी कुमाररावांनी मनाची तयारी केली.

“शार्दूल,” ती म्हणाली, “गाडी त्यांची आहे. स्लॉट घ्यायच्या आधी त्यांना विचारलं होतंस?”

शार्दूल मोबाइलवर स्लॉटचा मेसेज शोधू लागला.

“मीही विचारलं नव्हतं,” नीता म्हणाली. “फ्रिजचंही नव्हतं विचारलं.”

 हितेशभाई एका नळाकडे बारकाईने पाहू लागले. कुमाररावांनी मोबाइल खिशात टाकला, कारण डोळे पुसायला दोन्ही हात मोकळे हवे होते आणि ते पुसताना चष्म्यावर धूळ बसलीय असं दाखवायचं होतं. कंपनीच्या माणसाने विचारलं की पुन्हा ओटीपी पाठवू का. या वेळी शार्दूल म्हणाला, “नको. बाबा नाही म्हणालेत.”

नीता निळ्या गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसली. कुमाररावांनी गाडी चालू केली आणि समोर फाटक अडवून उभ्या असलेल्या टोइंग ट्रकला हॉर्न दिला. ट्रक हलेना, तेव्हा दुसऱ्यांदा, जरा लांब दिला. ट्रक मागे मागे जात रस्त्यावर निघाला आणि कडेला झाला.

“कुठे जायचंय?” कुमाररावांनी विचारलं.

“कुठेही,” नीता म्हणाली. “चढ असला म्हणजे झालं.”